मऊ दातांची कवळी

शाळेच्या फाटकातून ढब्बू बाहेर आली, माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली आणि हात मिळवायला तिने हात पुढे केला. बाकीची मुलं आपापल्या माणसांच्या अंगावर धडाधड आदळत होती, दप्तरं, डबे, पाण्याच्या बाटल्या सगळ्यांसकट. माझी सहा वर्षांची मुलगी मात्र विमा उतरवायला आलेल्या गृहस्थासारखी अदबीने उभी होती. मी हात मिळवला. तिचा तळवा गोंदाने चिकट झाला होता. "कसा गेला दिवस?" मी विचारलं. "बरा," ती ओठ जेमतेम उघडत म्हणाली. शेजारी नातवाची वाट पाहत उभ्या असलेल्या एका आजोबांना मोठी मौज वाटली. "काय शिस्त लावलीय हो," ते म्हणाले. मी तोंडदेखलं हसले. मग आम्ही चालू लागलो, ती फुटपाथच्या कडेने आणि मी भिंतीच्या बाजूने, मध्ये एक तिसरा माणूस आरामात चालू शकला असता. पहिल्या वळणापर्यंत मला कळलं की जिथे वाईट वाटायला हवं होतं तिथे मला सुटल्यासारखं वाटलं आहे. ती अंगावर आदळली नव्हती, म्हणजे आज दुखणार नव्हतं.

दुखते ती जागा लहानशी आहे. सिझरच्या व्रणाच्या डाव्या टोकाशी, कातडीच्या खाली, गोटीएवढी गाठ. एरवी ती नुसती असते, घरात न बोलणारा पाहुणा असावा तशी. पाळी जवळ आली की फुगते, तापते, वरची कातडी जांभळट होते आणि मग विजार घालणं, शिंकणं, बसमधून उतरणं या सगळ्याची आधी तयारी करावी लागते. गंमत अशी की त्या गाठीभोवतीचा सगळा प्रदेश बधिर आहे. व्रणाच्या खाली बोटभर पट्टा असा आहे की चिमटा काढला तर दुसऱ्या कुणाला काढल्यासारखा वाटतो. आमच्या गल्लीतले डॉक्टर म्हणाले, आतल्या टाक्याची गाठ आहे, विरघळेल. ती काही विरघळली नाही. दुसऱ्यांनी हर्निया ठरवून पट्टा दिला. तो बांधून मी उन्हाळाभर घामाने भिजले. तिसऱ्यांनी पोटाला हातही न लावता विचारलं, घरी सगळं ठीक ना? मी म्हटलं, हो. घरी सगळं ठीकच होतं. माझा नवरा लिफ्टा दुरुस्त करतो. अडकलेल्या लोकांशी दाराच्या फटीतून बोलायचा त्याचा एक खास आवाज आहे, "घाबरू नका, हवा आत येतेय, मी इथेच आहे." माझ्याशीही तो गेली काही वर्षं त्याच आवाजात बोलतो. तक्रार नाही, आवाज चांगला आहे.

काही महिन्यांपूर्वी, गाठ फुगलेली असताना, ढब्बू चित्र दाखवायला धावत आली आणि तिचं डोकं नेमकं तिथे बसलं. मी तिला दोन्ही हातांनी ढकललं. विचार करून ढकललं नाही, गरम तवा सोडावा तसं ते झालं. ती चपलांच्या कपाटापाशी जाऊन धपकन पडली. रडली नाही. कोपर खरचटलं होतं, पण ती कोपराकडे न बघता माझ्या पोटाकडे टक लावून बघत राहिली. मी "लागलं का गं?" विचारलं तेव्हा तिने तोंड घट्ट मिटून मान हलवली. त्या दिवसापासून घरात एक व्यवस्था बसली. कुणी ठरवली असं नाही, पाणी जसं उतार शोधतं तशी ती बसली. माझे ते दिवस आले की ढब्बू वरच्या मजल्यावर आत्याकडे झोपायची. आत्या म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण. लग्न केलं नाही, पोहण्याच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवते. तिचे खांदे नवऱ्याच्या खांद्यांहून रुंद आहेत आणि आवाज तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. तिच्या केसांना कायम क्लोरिनचा वास येतो. ढब्बूच्या केसांनाही हल्ली तो यायला लागला होता.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. दवाखान्यांतून तोंडांची मापं येतात. त्यांत प्लास्टर ओतून आम्ही हिरड्यांचे साचे काढतो, साच्यावर गुलाबी मेण चढवतो, मेणात एकेक दात बसवतो आणि शेवटी कवळी तयार होते. मालकांना सगळे काका म्हणतात. त्यांची स्वतःची वरची कवळी गेली कित्येक वर्षं ढिली आहे, हसताना तिला हाताने आधार द्यावा लागतो, पण ती दुरुस्त करायला त्यांना सवड नाही. दिव्याखाली अंधार. कामाच्या टेबलाची कड नेमकी माझ्या गाठीच्या उंचीवर येते, म्हणून मी तिथे स्पंज चिकटवला आहे. मला हे काम आवडतं, कारण ज्यांचे दात मी करते ती माणसं मला कधी भेटत नाहीत. एक तोंड येतं, त्याची हिरडी कुठे झिजली आहे, ते कुठल्या बाजूने चावतं, रात्री दात खातं का, एवढं मला समजतं, आणि मग ते जातं. मला वाटतं, ढब्बू जन्मली तेव्हाही असंच झालं. कमरेत भूल दिली होती. मध्ये हिरवा पडदा. पडद्यापलीकडे कुणीतरी माझ्या पोटात भांडी घासतंय एवढंच कळत होतं, ओढाताण होती, दुखणं नव्हतं. मग एक ओलं तोंड माझ्या गालाजवळ आणून धरलं, ते रडायला उघडलं, आणि माझ्या मनात आलं, वरची हिरडी छान रुंद आहे, कमान सुरेख आहे. बाकी काही आलं नाही. बायका सांगतात तो पूर, तो डोळ्यांतून आपोआप येतो म्हणतात तो, त्याची मी वाट बघत पडून राहिले. परिचारिका म्हणाली, दमला आहात, उद्या बघा कसं वाटतं. उद्या झाला, परवा झाला. मी पाजलं, न्हाऊ घातलं, थोपटलं, ताप आला की कपाळावर पट्ट्या ठेवल्या. काम चोख केलं. कुणाची तक्रार आली नाही. फक्त मला सतत वाटायचं की हे मूल ज्या बाईचं आहे ती बाहेर कुठेतरी गेलीय आणि ती येईपर्यंत मी सांभाळतेय.

शेवटी ज्या सर्जनबाईंकडे पोचले त्यांनी गाठ दाबून पाहिली, मी कळवळले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "दर महिन्याला याच दिवसांत दुखतं का?" इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. सोनोग्राफी झाली, आणखी एक मोठा फोटो झाला. बाईंनी सगळं समजावून सांगितलं. गर्भाशयाला आतून एक अस्तर असतं. सिझर करताना त्याचे काही कण जखमेत राहून जातात, पोटाच्या भिंतीत रुजतात. त्यांना वाटतं आपण अजून घरातच आहोत. म्हणून दर महिन्याला आतलं अस्तर रक्त टाकतं तेव्हा हेही टाकतात. बाहेर यायला वाट नसते, म्हणून सूज, म्हणून कळ. "आपलेच दात आणि आपलेच ओठ," मी म्हटलं. बाई हसल्या नाहीत, वहीत काहीतरी लिहीत होत्या. कर्करोग वगैरे नाही, म्हणाल्या, पण गोळ्यांनी जाणार नाही, कापूनच काढावं लागेल, आणि भोवतालचं थोडं चांगलंही काढावं लागेल, नाहीतर परत उगवतं. भोक मोठं झालं तर आतून जाळी बसवू. मी विचारलं, "नंतर तिथे काही वाटेल का?" "नाही, दुखणं जाईल," त्या आश्वासक सुरात म्हणाल्या, "कातडी जरा बधिर राहील, त्याची सवय होते." बाहेर पडल्यावर नवरा म्हणाला, "सुटलो." मीही सुटलो म्हणाले. रस्त्यावर एक माणूस शिडीवर चढून दुकानाची पाटी पुसत होता. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले आणि मला स्वच्छ कळलं की माझ्या सगळ्या अंगात जिथे अजून काहीतरी वाटतं अशी तीच एक जागा आहे, आणि गुरुवारी ती काढणार आहेत. हे नवऱ्याला सांगण्यासारखं नव्हतं. तो म्हणाला असता, हवा आत येतेय.

त्या संध्याकाळी, हात मिळवून आम्ही घरी आलो त्याच संध्याकाळी, आत्या खाली आली. ढब्बू आतल्या खोलीत रंगवत होती. आत्याने आवाज खाली आणायचा प्रयत्न केला, पण तिचा खालचा आवाजही जिन्यापर्यंत जातो. "हे बघ, ऑपरेशननंतर तुला वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही. पोरीला मी वरच ठेवते. पलंग आणलाय छोटा. शाळा माझ्या वाटेवरच आहे." मी म्हटलं, "किती दिवस, ताई?" आत्याने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने टेबलावरचा स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि परत ठेवला. "तसं नाही," आत्या म्हणाली, "तिनेच मला विचारलं. म्हणाली, आत्या, मी तुझ्याकडे कायमची राहू का. मी कशाला खोटं बोलू? मी तिच्या डोक्यात काही भरवलेलं नाही." तिने भरवलं नव्हतं हे मला माहीत होतं. ती सरळ बाई आहे, बुडणाऱ्याला काठाला लावायचं एवढंच तिला येतं. "तुला चालेल ना?" नवऱ्याने त्या आवाजात विचारलं. मी म्हटलं, "बरं." तो शब्द इतका सहज बाहेर आला की मीच चपापले. मुली अशाच जातात तर. कुणी पळवून नेत नाही, नुसत्या एक मजला वर सरकतात, आणि खाली आई भांडी विसळत राहते. मी भांडी विसळली. पाणी गरम आहे की गार ते लक्षात आलं नाही. मला तिला थांबवावंसं वाटायला हवं होतं, आणि ते वाटण्याची मी वाट बघत होते, लिफ्टचं बटण दाबून ठेवल्यासारखी, आणि काही येत नव्हतं. मनात एवढंच होतं की एकदा ती वर गेली की परत खाली येणार नाही, कारण तिला खाली खेचेल असं माझ्याकडे काही नाही.

दुसऱ्या दिवशी तलावावर शर्यती होत्या, आत्याला सवड नव्हती, म्हणून शाळा सुटल्यावर ढब्बूला मी लॅबमध्ये आणलं. ती पूर्वी बरेचदा यायची, तिला तिथलं सगळं माहीत होतं; उंच स्टुलावर चढून ती प्लास्टरचे जबडे कपाटात ओळीने लावून ठेवायची आणि प्रत्येक जबड्याला नाव द्यायची. आज तिने नावं दिली नाहीत. मी एक खालची कवळी घासायला घेतली होती. चाकाच्या आवाजात बाहेरचं काही ऐकू येत नाही, तेच त्या चाकाचं सुख. काकांनी खांद्याला हात लावला तेव्हा मी चाक बंद केलं. "जरा पुढे ये," ते म्हणाले, "तुझ्या लेकीने ऑर्डर दिलीय. मऊ दातांची कवळी पाहिजे. रबराची मिळाली तर उत्तम, म्हणते." ते हसत होते, हात वरच्या कवळीला होता. "कुणासाठी?" मी विचारलं. "स्वतःसाठी. आधी हे सगळे काढून टाका म्हणते. मी म्हटलं, अगं, दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, तू तर काढूनच..." आणि तिथे ते थांबले, कारण ढब्बू दारात येऊन उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर गमतीचं काही नव्हतं. काका चांगले आहेत. चहा सांगून येतो म्हणाले आणि गेले.

"कशाला हवेत मऊ दात?" मी विचारलं. ती माझ्याकडे न बघता स्पंज चिकटवलेल्या कडेवर बोट फिरवत राहिली. मग ओठ जेमतेम उघडून म्हणाली, "परत चावले तरी लागू नये म्हणून." "कुणाला चावलीस?" "तुला." "कधी गं?" "येताना." मला काहीच समजलं नाही. तिने माझ्या पोटाकडे बोट केलं. "इथून येताना. म्हणून तिथे दुखतं." मी म्हटलं, "अगं, बाळांना दात नसतात." तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं, आणि ती नजर समोरच्याचं खोटं पकडणाऱ्या माणसाची असते तशी होती. "असतात. तूच दाखवलेस." आणि मला आठवलं. मागे एकदा ती अशीच आली असताना मी एका मुलाच्या जबड्याचा एक्स-रे दिव्याच्या काचेवर लावून तिला दाखवला होता. दुधाच्या दातांच्या मुळाशी दडून बसलेले मोठे दात, पांढरे, पूर्ण, दाटीवाटीने उभे. ती थक्क झाली होती. मी खुशीत येऊन सांगितलं होतं, हे काहीच नाही, आईच्या पोटात असतानाच दात तयार व्हायला लागतात, हिरडीच्या आत बसलेले असतात, तुझेही होते. मला आपल्या कामाचा तेवढाच अभिमान आहे. दुसऱ्या कुठल्या आईने आपल्या मुलीला हे सांगितलं नसतं. त्या दिवसापासून, किंवा मी तिला ढकललं त्या दिवसापासून, ही पोर तोंड मिटून फिरत होती. हसत नव्हती. लांबून हात मिळवत होती. मला वाटलं होतं तिला मी नको आहे.

मला अजूनही काही वाटलं नाही, खरं सांगते; फक्त हात कामाला लागले. समजावून उपयोग नव्हता, ती पुरावा मागणारी मुलगी आहे, माझीच. मी मेणाची एक पट्टी घेतली, ज्योतीवर धरून मऊ केली आणि तिच्यापुढे धरली. "चाव." तिने मान मागे घेतली. "मेणच आहे. चाव, जोरात." तिने डोळे मिटून चावलं. मी पट्टी गार पाण्यात धरली आणि तिच्या हातात दिली. "बघ कशी आली खूण." ती बघू लागली. "वाकडी," ती म्हणाली. "वाकडी नाही, कमान. सगळ्यांचा चावा असाच असतो, माणसाचा, कुत्र्याचा, म्हाताऱ्याचा. इथे काम करणाऱ्याला यात फसवता येत नाही." मग मी तिला प्लास्टरच्या खोलीत नेलं, दार लोटलं, सदरा वर केला, विजारीची कड खाली सरकवली. तिने माझा व्रण कधी पाहिला नव्हता. मीही फारसा बघत नाही. तिने मेणाची पट्टी माझ्या पोटाजवळ धरली, तिरकी केली, सरळ केली, एक डोळा मिटून पाहिलं, काका साचा तपासताना करतात तसं. बराच वेळ तिची तपासणी चालली. "सरळ आहे," शेवटी ती म्हणाली. "हो. सुरीने कापलंय, डॉक्टरांनी. तू काहीच केलं नाहीस. तुला उचलून बाहेर काढलं, तू झोपेत होतीस बहुतेक."

तिने पट्टी खाली केली. तिचे खांदेही खाली आले, मला दिसलं, इतके दिवस ते वर होते हे तेव्हा कळलं. "मग हे काय आहे?" तिने विचारलं. गाठ त्या दिवशी फुगू लागलेली होती, वरची कातडी ताणलेली. मी सांगितलं की तू आत होतीस तेव्हा तुझ्यासाठी भिंतींना मऊ अस्तर लावलेलं होतं, तुला बाहेर काढताना त्यातला एक तुकडा दारात अडकला. "माझ्या खोलीतला?" "तुझ्या खोलीतला." "आणि तो अजून आहे?" "गुरुवारपर्यंत." मला वाटलं ती आता फेकू नका म्हणेल, किंवा मला द्या म्हणेल. मुलं असं काहीतरी म्हणतात. ती तसलं काही म्हणाली नाही. तिने हात पुढे केला, गोंदाचा, आता मेणाचाही, आणि तळवा अख्खाच्या अख्खा त्या गाठीवर ठेवला.

कळ आली. डोळ्यांसमोर पांढरं झालं, कळ पाठीपर्यंत गेली, माझे दोन्ही हात आपोआप वर आले, मागच्या खेपेला आले होते तसेच. ते मी फडताळाच्या कडेला धरले. आजूबाजूची सगळी कातडी मेलेली आणि मध्ये तो तळवा, त्याची ऊब, एकेक बोट वेगळं कळत होतं. दुखत होतं आणि ही पोर माझी होती. मला ती हवी होती. वर जाऊ नये असं वाटत होतं, आज, उद्या, कधीच. हे इतकं साधं होतं की मला रडायला आलं आणि मी ते येऊ दिलं. ढब्बूने वर पाहिलं. "दुखतंय?" नाही म्हणावं असं मनात आलं. नाही म्हटलं असतं तर तिने सुखाने मान डोलावली असती आणि पुढे जन्मभर माझा चेहरा वाचून खरंखोटं ठरवलं असतं. "हो," मी म्हटलं, "दुखतंय. हात काढू नकोस." तिने दुसरा हातही त्यावर ठेवला, हलकेच, आणि तशीच उभी राहिली.

बाहेर दार वाजलं. आत्याच्या शर्यती संपल्या असाव्यात. काकांशी ती काहीतरी बोलली, तो आवाज सगळ्या लॅबभर झाला, आणि मग तिने हाक मारली, "ढब्बू, चल गं, तुझा पलंग लावायचाय." मी काही बोलणार नव्हते, ते तिलाच ठरवायचं होतं. ढब्बूने मान दाराकडे वळवली, हात जागचे हलवले नाहीत.

"आत्या, तू जा," ती तोंड पूर्ण उघडून ओरडली, "मी आईकडे आहे."